कोरडा रुमाल

"ताई, रेस धरा. अजून. अजून थोडी."

मी ॲक्सिलरेटर दाबून धरला. मागच्या सीटवर श्रेया तिच्या बाहुलीला रेस देत होती, घर्रर्र करून. आरशात मला पीयूसीवाला दिसत होता, त्याची व्हॅन, सायलेन्सरमध्ये खुपसलेली नळी आणि त्या नळीच्या कडेकडेने निघणारा निळसर धूर. त्याने आपल्या स्क्रीनकडे बघितलं, तोंड वाकडं केलं आणि नळी ओढून काढली.

"नाही होत. एचसी लई वर चाललंय."

"एचसी म्हणजे?"

"न जळालेलं, ताई. आत जाळायला टाकलेलं सगळं जळत नाही, तसंच बाहेर पडतंय." त्याने नळी झटकली. "मेकॅनिकला दाखवा. जुनी झाली आता गाडी."

जुनी तर झालीच होती. पंधरा वर्षं भरली होती, आरटीओत रिपासिंग करायचं होतं, आणि पीयूसीशिवाय तिथं कुणी उभं करत नाही. प्रणयने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत बघ. पास झाली तर ठेव. नाही झाली तर एक्स्चेंजला देऊन नवी घेऊ." नवरा म्हणून त्याचं बोलणं नेहमी असं सरळ असतं. ऐकणाऱ्याला वाटावं, यात नाही म्हणण्यासारखं आहेच काय.

ही गाडी अण्णांनी दिली. अण्णा म्हणजे माझे वडील, कडुबा. पिशोर या आमच्या गावाहून वाळूजला आले, स्कूटरच्या कारखान्यात लागले आणि बजाजनगरच्या दोन खोल्यांत राहिले ते आजतागायत. माझ्या लग्नात प्रणयकडच्यांनी काही मागितलं नाही, अण्णांनी काही दिलं नाही. वंदना झाली, पंचशील झालं, साधं जेवण झालं. याचा अण्णांना फार अभिमान. पिशोरचं कुणी भेटलं की सांगायचे, "लेक गारखेड्याला दिली. घर चांगलं हाय."

मग श्रेया झाली आणि त्याच वर्षी आई गेली. अण्णा एकटे पडले. एकदा ते भेटायला आले तेव्हा मी सहज बोलून गेले, "यावंसं लई वाटतं अण्णा, पण आणून सोडणारं कुणी पाहिजे ना." ते चहा संपवून गेले. नंतर एक दिवस ही पांढरी गाडी दारात. कुण्या कारकुनाने जपून वापरलेली, आरसे पुसलेले, कागद माझ्या नावावर. प्रणयला म्हणाले, "प्रणयराव, ह्यो हुंडा नाय बरं का. लेकीच्या नावानं हाय. मनात आलं की यावं तिनं, कुणाला इचारायचं काम नाय."

प्रणय हसला होता. मला ते हसू तेव्हा आवडलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी मी आणि श्रेया बजाजनगरला जायचो. मी अण्णांच्या दोन खोल्या झाडायचे, दोन दिवस टिकेल एवढं चटणी-भाकरीचं करून ठेवायचे. तेवढ्यात अण्णा श्रेयाला मांडीवर घेऊन गाडी पंपावर न्यायचे. "लेकीच्या गाडीत जावयाचं पेट्रोल कशाला," म्हणायचे. कितीदा सांगितलं, नका भरू. ऐकतील तर ते अण्णा कसले. परत येताना श्रेयाच्या हातात चिक्की असायची आणि तोंडभर हसू.

गाडी गेली तर हे जाणार होतं. गारखेड्यातून बजाजनगर म्हणजे आधी शेअर रिक्षा, मग सिटी बस, मग परत चालत, आणि कडेवर साडेतीन वर्षांची पोर. जमतं एखाद्या वेळी. दर रविवारी नाही जमत.

म्हणून मी गाडी घेऊन अफसरभाईंकडे गेले.

अफसरभाईंचं गॅरेज म्हणजे रेल्वे फाटकाशेजारी पत्र्याचं एक शेड. माणूस लाघवी, मला बाजी म्हणतात, म्हणजे ताई. बॉनेट उघडायच्या आधीच निदान करतात.

"एअर फिल्टर चोक हुआ होएंगा बाजी. बदल दूँ?"

बदलला. प्लग काढून माझ्यासमोर धरले, काळेकुट्ट आणि ओलसर. "देखो, कोयला. इससे धुआँ नई आएंगा तो क्या अत्तर आएंगा?" प्लगही बदलले. गाडी परत व्हॅनपाशी नेली. त्या माणसाने नळी घातली, बघितलं, मान हलवली.

मग अफसरभाईंनी सायलेन्सरवरचा सेन्सर बदलला. आठवडा बरा गेला, मग पुन्हा तोच निळा धूर. तेव्हा मात्र त्यांनी हात पुसले आणि गंभीर होऊन मला स्टूल दिलं, जसं डॉक्टर नातेवाइकांना देतात.

"बाजी, बुरा नक्को मानो. इसके रिंगाँ गए. इंजिन का तेल ऊपर चढ के जल रा. पूरा इंजिन खोलना पडता. और सच्ची बोलूँ तो इत्ती पुरानी गाडी कू इत्ता खर्चा... साहब कू पूछ लो."

साहेबांना विचारायची गरजच नव्हती. साहेब मोबाईलवर नव्या गाडीचे रंग बघत होते.

"मी म्हणालोच होतो," प्रणय म्हणाला. "तू उगाच धावपळ केलीस. तुझीच दगदग बघवत नाही मला."

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "शेजारच्या मोनिका विचारत होत्या, डासांची फवारणी झाली का हो आज? म्हटलं नाही, आमची सूनबाई आली."

दोघंही हसले. श्रेयाही हसली, तिला फवारणीची गाडी आवडते.

रात्रीपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. इंजिनाचं तेल जळतंय, असं अफसरभाई म्हणाले. जळतंय तर ते कमी व्हायला पाहिजे. आणि ते होत नव्हतं. मला माहीत होतं, कारण अण्णांनी गाडी देतानाच दम भरला होता, "चालवायची तर तिची पट्टी बघायला शिक. माणसाची नाडी बघत्यात तसं." दर शनिवारी मी बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढायचे, फडक्याने पुसायचे, परत घालून बघायचे. इतके महिने धूर, आणि तेल जिथल्या तिथं. अफसरभाईंना हे सांगितलं तर म्हणाले, "आप की पट्टी पुरानी होएंगी बाजी." पट्टीही कधी जुनी होते का?

म्हणजे जळणारं तेल इंजिनाचं नव्हतं. मग कुठून येत होतं?

ते मला श्रेयाने सांगितलं. सोमवारी सकाळी तिला बालवाडीत सोडायला मी गाडी सुरू केली, धूर निघाला, खिडकीतून आत आला. मागून तिचा आनंदलेला आवाज, "आजोबा आले?"

"आजोबा कुठले गं, ते बजाजनगरला."

"वास आला ना."

मी हसले. फाटकातून गाडी बाहेर काढली आणि रस्त्याच्या कडेला परत थांबवली. काच पूर्ण खाली केली आणि श्वास घेतला.

अण्णांच्या स्कूटरवर पुढं उभी राहून मी शाळेत जायचे. माझ्या डोक्यावर त्यांची हनुवटी, आणि आमच्या मागं तो गोडसर, जड, तेलकट धूर. त्यांच्या शर्टाला तोच वास, त्यांच्या डब्याच्या पिशवीला तोच. सगळ्यात जास्त त्यांच्या रुमालाला. अण्णा कारखान्यात तपासणीच्या लाइनवर होते. तयार स्कूटर पुढं आली की ती सुरू करायची आणि सायलेन्सरमागं पांढरा रुमाल धरायचा. रुमालावर तेलाचा हलकासा डाग पडला की स्कूटर पास. रुमाल कोरडा निघाला तर परत मागं, कारण तेल पोचत नाही, पुढं कुठंतरी रस्त्यात पिस्टन जाम होणार. कंपनीने त्यासाठी कागद दिले होते म्हणे. अण्णांचा कागदावर विश्वास नव्हता. आई रोज संध्याकाळी करवादायची, "सगळ्या कंपनीला कागद पुरतो, ह्यांना माझाच धुतलेला रुमाल लागतो."

इतके महिने तो वास माझ्या गाडीत होता आणि मला कधी खटकला नाही. मला वाटायचं, बजाजनगरहून आल्यावर तो आमच्या कपड्यांना लागून येतो. वडिलांच्या वासाला बिघाड कोण म्हणेल.

त्या रविवारी अण्णांनी चावी उचलली तशी मीही चप्पल घातली.

"तू कुठं?"

"येते मीपण."

"आन् भाकरी?"

"आल्यावर टाकते."

ते जरा घुटमळले, पण खूषही झाले. पंपावर उतरताना त्यांनी पायाशी ठेवलेल्या कापडी पिशवीतून एक चपटी बाटली काढली. पंपावरचा माणूस ओळखीचा निघाला. "काका, डोस का?" म्हणाला आणि टाकीचं झाकण उघडून बाजूला झाला. अण्णांनी बाटलीचं बूच भरलं, हिरवट तेल काठोकाठ. श्रेया दोन्ही हात पुढं करून उड्या मारत होती, मी ओतणार, मी. अण्णांनी तिच्या मुठीभोवती आपली मूठ धरली आणि दोघांनी मिळून ते माझ्या गाडीच्या टाकीत ओतलं. मग आणखी एक बूच. मग पेट्रोल.

"स्टेरिंगवर बस, रेस दे गं," अण्णा मला म्हणाले आणि खिशातून रुमाल काढत मागं गेले. परत आले तेव्हा रुमालावर रुपयाएवढा पिवळट डाग होता. "बघ. आता कसं."

हे स्कूटरचं तेल. पेट्रोलात मिसळायचं. कारला ते लागत नाही, कारचं तेल वेगळ्या जागी असतं, हे अण्णांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? त्यांनीच तर मला ती पट्टी दाखवली होती.

"अण्णा, हे कधीपासून?"

"यंदापासून. आधी नाय टाकलं कधी." त्यांनी बाटली पिशवीत नीट उभी केली. "आता पेट्रोलात ते इथेनॉल का काय, मक्याची दारू घालायलेत ना. पार कोरडं झालंय त्ये. आमच्या टपरीवर तात्यासाहेब म्हणले, जुन्या गाड्या जाम व्हायल्या. म्या म्हणलं बघावं, तर रुमाल ठणठणीत कोरडा. तू, ही पोरगी, वाळूजचा रस्ता, दोन ट्रकांच्या मधात जाम झालं इंजिन तर?"

"अण्णा..."

"आन् मका कुठला म्हणशील, तर आपल्याच पिशोरचा. आपल्याच लोकांनी पिकवायचा आन् त्यानं फिरून माझ्या लेकीच्या टाकीत यायचं, तिचं इंजिन वाळवायला." ते स्वतःच हसले. "घाबरू नको. म्या हाय ना. आता डाग पडतोय."

श्रेया तेलाने माखलेली बोटं त्यांच्या नाकाशी धरत होती आणि ते खोटं खोटं शिंकत होते. गाडीला याची गरज नाही, उलट याच तेलाने ती नापास होतेय, एवढंच सांगायचं होतं मला. सोपं होतं. मी म्हणाले, "चला, भाकऱ्या टाकायच्या राहिल्यात."

अफसरभाई पोट धरून हसले. "अब्बा ने पिलाए? अरे बाजी, पहले बोलना था, मैं तो ऑपरेशन करने बैठा था." पण हसून झाल्यावर त्यांनी नळी लावून टाकी रिकामी केली, प्लग घासून दिले आणि नवं पेट्रोल भरून गाडी बीड बायपासला पळवून आणायला सांगितली, आत चिकटलेलं सगळं जळून जाऊ दे म्हणाले. मी आणि श्रेया मोठ्याने गाणी म्हणत गेलो आणि आलो. मग व्हॅन. नळी. रेस. पीयूसीवाल्याने स्क्रीनकडे दोनदा बघितलं.

"काय केलं ताई? एकदम क्लीन."

ते सर्टिफिकेट मी त्या संध्याकाळी प्रणयच्या ताटाशेजारी ठेवलं. सगळं सांगितलं, तेल, मका, रुमाल. मला इतका आनंद झाला होता की इंजिन धडधाकट आहे, अण्णांनी ते मारलेलं नाही, की अण्णांचं काय हसं होईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. प्रणयला ठसका लागेपर्यंत हसू आलं. "आख्खी नोकरी गाड्या तपासल्या त्यांनी," तो म्हणाला. "मम्मी, ऐकलं का, सासरेबुवांनी कारला स्कूटर केली."

मग त्याने सर्टिफिकेट उचलून बघितलं.

"छान झालं. आता एक्स्चेंजला भाव बरा येईल."

मला आधी कळलंच नाही. "तू म्हणाला होतास, पास झाली तर ठेव."

"म्हणालो होतो गं. पण बुकिंग केलंय ना मी. ऑफर संपत होती."

"कधी केलंस?"

"झाले की दिवस. गणपतीत." त्याने भात कालवला. "तुझ्यासाठीच घेतोय. एसी नीट, एअरबॅग. श्रेयाला बसवतेस त्या डब्यात, माझा ऑफिसात जीव लागत नाही."

गणपतीत. म्हणजे मी पहिल्यांदा त्या व्हॅनपाशी गेले, त्याच्याही आधी. मी फिल्टर बदलत होते, प्लग बदलत होते, दर वेळी त्याला येऊन सांगत होते आज काय झालं ते, आणि तो ऐकत होता, "हं, मग?" विचारत होता.

"मी अण्णांकडे कशी जाऊ?"

"मी नेईन की."

"रविवारी तू झोपतोस."

"मग एखादा रविवार चुकला तर काय आभाळ कोसळतं का?" हेही त्याने हळूच विचारलं. प्रणय कधी आवाज चढवत नाही. त्याला लागतच नाही.

"गाडी माझ्या नावावर आहे," मी म्हणाले. "मी सही करणार नाही."

पुढचे दिवस घरात सगळं गोड होतं. भांडण नाही, आदळआपट नाही. फक्त मी खोलीत आले की टीव्हीचा आवाज जरा मोठा व्हायचा. एक्स्चेंजचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता, जिथं सही करायची तिथं पेन्सिलीने फुली. मी दूध काढायला गेले की तो दिसायचा.

रविवारी मी बजाजनगरला गेले, अण्णांनी चावी मागायच्या आधीच मी म्हणाले, "टाकी फुल आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. श्रेयाला चालत नेऊन चिक्की आणली.

आणि त्याच आठवड्यात, सकाळी प्रणय ऑफिसला आणि सासूबाई गुडघ्याच्या शेकाला गेलेल्या असताना, फाटक वाजलं. अण्णा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात तीच कापडी पिशवी. शेअर रिक्षातून उतरून चालत आलेले, कपाळावर घाम.

"अण्णा, फोन करायचा. घ्यायला आले असते."

"आता कशानं घ्यायला येतीस," ते म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला. घरात आले नाहीत. फाटकाच्या कट्ट्यावर बसले. बालवाडीला सुट्टी होती, श्रेया त्यांच्या गळ्यात पडली तर तिला थोपटत राहिले, पण लक्ष नव्हतं.

"प्रणयरावांचा फोन व्हता," ते म्हणाले. "लई चांगलं बोलले. अण्णा, तुमची काय चूक नाय म्हणले, मायेनं केलं तुमी. पण त्या तेलानं इंजिन गेलं म्हणले. रिंगा गेल्या. कारचं येगळं असतंय म्हणले, कारचा रुमाल कोरडाच निघाया पायजे, वला डाग म्हंजी खराबी. मला कुठं ठावं. म्या डाग बघून खूष व्हायचो."

मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसले.

"आन् म्हणले, रूपाली सही करंना. तिला वाटतं अण्णांना वाईट वाटंल. तुमी समजावलं तर ऐकंल." त्यांनी खिशातून गाडीची दुसरी चावी काढली, जी त्यांच्याकडेच असायची, आणि कट्ट्यावर ठेवली. "देऊन टाक बाई. माझ्याच हातानं बिघडली, माझ्यासाठी नको आडून बसू. नवऱ्याचं मन मोडून बापाची गाडी ठेवायची, ह्ये काय बरं नाय."

मी सांगू शकत होते. अण्णा, ती पास झाली. चार शब्द. पण ते चार शब्द सांगितले की पुढचे आपोआप आले असते, आणि ते मला अण्णांच्या तोंडावर बोलायचे नव्हते. त्यांनी मला कष्टाने शिकवलं, बघून-सवरून दिलं, पिशोरला मान वर करून सांगितलं. मी म्हणाले, "चहा टाकते."

"टाक. तवर एकदा बघतो तिला." ते उठले. "मेलेल्याचं तोंड बघत्यात तसं. चल, तू बस आत, सुरू कर."

"कशाला अण्णा."

"कर गं."

मी चावी आणली, सीटवर बसले, गाडी सुरू केली. "रेस दे," मागून त्यांचा आवाज आला. मी रेस दिली. आरशात आता व्हॅन नव्हती. अण्णा वाकले होते, एक हात गाडीच्या पाठीवर टेकवलेला, दुसऱ्या हातात रुमाल, चार बोटांत ताणून धरलेला, जसा ते लाइनवर धरत असतील. श्रेया त्यांच्या शेजारी तशीच वाकून उभी होती.

"अजून दे."

मी दिली. त्यांनी रुमाल डोळ्यांजवळ नेला. उलटा करून बघितला. परत सायलेन्सरशी धरला, बराच वेळ. मग सरळ झाले आणि माझ्या खिडकीपाशी आले.

"कोरडा हाय," ते म्हणाले.

"हं."

"पांढरा सफेद. गाडीचा आवाज पण चोख हाय." त्यांनी रुमाल माझ्यासमोर धरला, जसं काही मीच तपासणारी होते. "प्रणयराव तर म्हणले, कोरडा पायजे."

"पास झाली ती, अण्णा. ती टाकी रिकामी करून घेतली मी. पीयूसी पास झाली."

"कवा?"

"तुम्हाला फोन यायच्या आधी."

इंजिन चालूच होतं. श्रेया मागून ओरडत होती, "आजोबा, डाग नाही पडला." अण्णांनी कट्ट्याकडे बघितलं, मग घराकडे, वरच्या खिडक्यांकडे.

"प्रणयरावांना म्हाईत नसंल मग."

मी चावी फिरवून गाडी बंद केली. एकदम शांत झालं. बाजूच्या बंगल्यात कुणीतरी उखळीत लसूण ठेचत होतं.

"सांगितलं होतं मी. त्याच दिवशी."

अण्णांनी रुमालाची घडी घातली. मग घडीची घडी. इतकी लहान की मुठीत मावली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. एखादी स्कूटर मागं पाठवताना ते असेच दिसत असतील, मला वाटलं, कुणावर रागावणार, ती तर तयार होऊन आलेली.

"फोनवर मला अण्णा अण्णा म्हणत व्हते," ते म्हणाले. एवढंच.

चहा त्यांनी घेतला नाही. कट्ट्यावर ठेवलेली दुसरी चावी उचलून परत आपल्या खिशात टाकली. "ही ऱ्हाऊ दे माझ्यापाशी," म्हणाले. मग म्हणाले, "सोड मला घरी. गाडी हाय ना तुझी."

श्रेया त्यांच्या मांडीवर झोपली. बजाजनगरात शिरल्यावर त्यांनी पंपाकडे हात केला, मी वळवली. ते स्वतः उतरले. पंपावरच्या माणसाने झाकण उघडलं आणि सवयीने बाजूला होऊन वाट बघत उभा राहिला.

"काका, डोस?"

"नाय," अण्णा म्हणाले. "नुसतं पेट्रोल टाक. गाडीला कायच झालं नव्हतं."

नवी गाडी दिवाळीला आली. एक्स्चेंजशिवाय. प्रणयने त्यावरून एक शब्द काढला नाही, हप्ता वाढला एवढं मात्र पाहुण्यांसमोर दोनदा सांगितलं. नवी गाडी पोर्चमध्ये असते, माझी बाहेर, डीपीच्या खांबाखाली, पक्ष्यांची घाण झेलत. रिपासिंग झालं. रविवारी मी जाते.

अण्णा मात्र गारखेड्याला येत नाहीत. श्रेयाच्या वाढदिवसाला बोलावलं, तर म्हणाले अंगात कणकण आहे. प्रणय अधूनमधून विचारतो, "अण्णा येत नाहीत हल्ली. तब्येत बरी आहे ना?" त्याला खरंच काळजी वाटत असते. मी म्हणते, बरी आहे.

परवा पिशोरचे एक पाहुणे अण्णांच्या घरी बसले होते. मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी विचारलं, "मग, लेक कशी हाय गारखेड्याची?"

मी भाकरी तव्यावर टाकून थांबले.

"गाडी चालवती," अण्णा म्हणाले. "सोताची."

पाहुणे अजून ऐकायला थांबले असावेत. अण्णांनी घराचं काही सांगितलं नाही.